कांचन, लाल आणि चंदा

तीन वर्षांपूर्वी रमजान ईदच्या ईदीतून माझ्या धाकट्या मुलीने काचेचा एक गोल भांडा आणि दोन गोल्डफिश आणले. पहिला चौथ्या दिवशी गेला. दुसरा अकराव्या दिवशी आडवा तरंगत होता, तेव्हा ती मला हाक मारून म्हणाली, "अब्बा, ये भी सो गई क्या?" मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. मुलांना मृत्यूवरच्या कविता समजावून सांगितल्या आहेत. त्या सकाळी मात्र मला काही सुचले नाही.

नंतर वाचले तेव्हा कळले की दोष माशाचा नव्हता. गोल्डफिश चीनचा. तिथे शेकडो वर्षे तळ्यांत आणि मोठ्या कुंड्यांत पाळला गेला. तो वीतभर वाढतो आणि खूप घाण करतो. त्या घाणीतून पाण्यात अमोनिया साठतो. चार-पाच लिटरच्या भांड्यात त्याला ठेवणे म्हणजे बंद खोलीत माणसाला धुरीवर धरण्यासारखे आहे.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. पुढच्या वेळी सोलापूरला गेलो तेव्हा माशांच्या दुकानात विचारले, "लहान टाकीत जगेल असे काय आहे?" दुकानदाराने निळ्या-रुपेरी पट्ट्यांचे बोटाच्या दोन पेरांएवढे मासे दाखवले. "झेब्रा घ्या सर. इंपोर्टेड आहेत, पण कणखर." मी आठ घेतले. घरी येऊन त्यांचे शास्त्रीय नाव शोधले आणि हसू आले. या इंपोर्टेड माशाचे पहिले वर्णन बिहारातल्या कोसी नदीवरून झालेले आहे.

'मूळचे कुठले तुम्ही?' हा प्रश्न मला आयुष्यात पुष्कळदा विचारला गेला आहे. त्यामुळेच की काय, या माशाचे मूळगाव शोधण्यात मी जरा जास्तच रमलो.

ते वर्णन फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरचे. (पुढे आईकडच्या मालमत्तेसाठी त्याने हॅमिल्टन हे आडनाव घेतले. मत्स्यशास्त्रात तो हॅमिल्टन म्हणूनच ओळखला जातो.) ईस्ट इंडिया कंपनीने १८०७ ते १८१४ या काळात त्याला बंगाल इलाख्याच्या पाहणीला लावले होते. जमीन, पिके, जाती, हत्यारे, सगळ्याच्या नोंदी करायच्या. त्यात तो मासेही पाहत गेला. १८२२ मध्ये एडिंबरामध्ये त्याचे गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवरचे पुस्तक छापले गेले. त्यात २६९ जाती आहेत.

मी भाषेचा माणूस. मला जातींपेक्षा नावांनी पकडले. शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिन किंवा ग्रीक, असे आपण शाळेत शिकतो. बुकाननने मात्र गंगेकाठच्या लोकांच्या तोंडची नावे उचलली आणि त्यांना लॅटिनचे शेपूट लावले. बंगालीत लहान खवल्यांच्या माशाला पुंटी म्हणतात, त्याचे झाले पुंटियस. सोनेरी-लालसर कांचन पुंटी झाली कोंकोनियस. लाल खोलिसा झाला लालियस, चुना खोलिसा झाला चुना. चंद्रासारख्या चपट्या, आरपार दिसणाऱ्या चंदा माशाचे नाव चंदा असेच राहिले. आणि माझ्या टाकीतला झेब्रा? त्याचे नाव दानियो रेरिओ. दानियो हा शब्द धानी या बंगाली शब्दावरून आल्याचे सांगतात. धानी म्हणजे धानाच्या शेतातला. पाऊस पडला की भातखाचरांत शिरणारा.

म्हणजे आज जगभरच्या प्रयोगशाळांत हे नाव उच्चारणारा माणूस नकळत एक शेतकरी शब्द उच्चारत असतो.

शोभेसाठी मासे बाळगणे आपल्याकडे नवे नव्हते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात, इ.स. ११३०च्या सुमारास, मत्स्यविनोदावर वेगळे प्रकरण आहे. पण तो विनोद गळ टाकण्याचा. औरंगजेबाच्या काळात काश्मीरला गेलेला फ्रेंच डॉक्टर बर्नियर एका शाही बागेतल्या हौदाबद्दल लिहितो: मासे हाकेला जवळ येतात, आणि मोठ्या माशांच्या कल्ल्यांत कोरीव अक्षरांच्या सोन्याच्या कड्या आहेत, त्या नूरजहाँने घातल्याचे लोक सांगतात. माशांना त्या कड्यांचे काय वाटले असेल ते बर्नियर लिहीत नाही. हौद होते, कुंडे होती. काचेच्या पेटीत पाण्याखालचे जग बाजूने पाहण्याची सोय मात्र विलायतेतली. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती एका भांड्यात ठेवून दाखवली. वनस्पती कुजू लागली तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. पुढे बोटींतून पूर्वेकडचे मासे जाऊ लागले. पॅरिसमध्ये कार्बोनिए या माणसाने १८६९ मध्ये चीनकडचा पॅरडाइज फिश पाळला आणि १८७५ पर्यंत गंगेच्या खोऱ्यातल्या खोलिसाने त्याच्या टाकीत बुडबुड्यांचे घरटेही बांधले होते. नर तोंडाने हवेचे बुडबुडे करतो, लाळेने चिकटवतो आणि त्याखाली अंडी राखतो. बंगालच्या डबक्यांत हे चालूच होते. पॅरिसने ते पहिल्यांदा टिपून छापले, एवढेच.

आपला झेब्रा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात पोहोचला आणि हौशी लोकांचा लाडका झाला. त्याचे खरे नशीब उघडले अमेरिकेत. जॉर्ज स्ट्रायसिंगर मूळचा बुडापेस्टचा ज्यू. लहानपणी घरच्यांसोबत नाझींच्या भीतीने देश सोडून गेलेला. तो ओरेगॉन विद्यापीठात शिकवत होता आणि घरी मासे पाळत होता. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात जनुकांचा अभ्यास करायचा तर स्वस्त, भरपूर अंडी घालणारा, शरीराबाहेर आणि पारदर्शक अंड्यात वाढणारा जीव हवा. त्याने झेब्रा निवडला. त्याचा पहिला मोठा शोधनिबंध 'नेचर'मध्ये १९८१ साली आला. आज प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या एका प्रमुख वंशाचे पूर्वज ओरेगॉनमधल्या आल्बनी गावच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानातले होते. २०१३ मध्ये या माशाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे जोडीदार त्यात सापडतात. मुलीला हे सांगितले तेव्हा तिने टाकीकडे पाहून विचारले, "मग हे आपले नातेवाईक?" मी विषय बदलला.

पण बाजार या माशांना जसेच्या तसे राहू देत नाही. सिंगापूरमध्ये झेब्रात दुसऱ्या जीवांचे जनुक घालून तो चमकता केला आणि २००३ पासून अमेरिकेत विकला गेला. चंद्याची कथा जास्त वाईट. तो पारदर्शक, त्याचे काटे मोजता येतात, हेच त्याचे सौंदर्य. ते गिऱ्हाइकाला कमी वाटले म्हणून त्याच्या अंगात सुईने गुलाबी-हिरवा रंग भरून विकण्याचा धंदा अनेक वर्षे चालला. लाल खोलिसाचे गडद निळे, भडक लाल वंश परदेशी मत्स्यशेतीत तयार झाले. त्यातल्या अनेकांसोबत एक विषाणू येतो, त्यावर औषध नाही. म्हणून दुकानात गेलात तर माझे ऐका: या माशांचे साधे, रानटी रंग असलेले वाण मागा. फिके दिसतात. घरी महिनाभर झाडांत राहिले की खुलतात.

आता लहान टाकीसाठी काय निवडावे, हे माझ्या अनुभवातून सांगतो. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. पाणी साधारण ५० लिटर. मासे आणण्याआधी फिल्टर चालू करून तीन-चार आठवडे थांबलो, कारण अमोनिया खाणारे जिवाणू वसायला तेवढा वेळ लागतो. वॉरिंग्टनला ही गोष्ट माहीत नव्हती. तो श्रेय वनस्पतीला देत होता.

झेब्रा कळपात राहतो. दोन आणले तर एकमेकांना छळतात, आठ आणले तर खेळतात. तळाला मुलीच्या गोट्या पसरून ठेवल्या होत्या. झेब्रा आपलीच अंडी खातो, पण गोट्यांच्या फटीत पडलेली त्याला मिळत नाहीत. त्यातून पिल्ले मिळाली. सोबतीला चुना खोलिसाची एक जोडी. दुकानात हनी गुरामी म्हणून मिळते. पाच सेंटिमीटरचा मासा, स्वभावाने भिडस्त. विणीच्या दिवसांत नर मधासारखा पिवळा होतो आणि गळ्याखाली गडद पट्टा येतो. बुकाननला या जातीचे नमुने इतके वेगळे वाटले की त्याने एकाच माशाला दोन नावे देऊन टाकली. मोठ्या विद्वानांचेही असे होते, हे वर्गात सांगायला बरे.

कांचन पुंटी मला सर्वांत देखणी वाटते, पण ती वाढते आणि पळते. तिला तीन फुटी टाकी हवी. तित पुंटी आकाराने चालेल, मात्र खोलिसाच्या लांब पंखांना चावते. बादिस हा रंग बदलणारा छोटा मासा एकटा किंवा जोडीने ठेवावा. त्याला जिवंत खाणे लागते, कोरडे दाणे बहुधा तो पाहतही नाही. चंद्याचेही तेच. तो खाऱ्या पाण्याचा आहे असे सांगून दुकानदार मिठाची पुडी देतात, ती परत करा. तो गोड्या पाण्याच्या तळ्यांत राहतो. आणि केरळची प्रसिद्ध तांबड्या पट्टीची मिस केरळ लहान टाकीसाठी कुणी देत असेल तर घेऊ नका. फ्रान्सिस डेने १८६५ मध्ये तिला मद्रासचा गव्हर्नर डेनिसन याचे नाव दिले. १९९०च्या दशकात परदेशातून मागणी आली आणि सह्याद्रीच्या ओढ्यांतून ती इतकी उपसली गेली की आज धोक्यातल्या जातींत मोजली जाते. तिला वाहते पाणी लागते. आमच्या हॉलमध्ये ते कुठून आणणार?

एवढे झाल्यावर मनात आले, बंगालचे झाले, आमच्या भीमेचे काय?

भीमेचेही पुस्तक आहे. कर्नल विल्यम साइक्स १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत होता. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांवर निबंध छापला, त्यात ४० हून अधिक जाती आहेत. आणि त्यानेही नावे इथल्याच लोकांची घेतली. मुळा-मुठेवरचा खुद्री, ओढ्यातल्या दगडांना चिकटणारा मळ्या, वाळूत दडणारा मुरे. एकाचे नाव पोटेल. त्या काळच्या इंग्रजी कागदांत पाटील हा शब्द नेमका असाच लिहिलेला सापडतो, त्यामुळे मला शंका येते की कुणा भोयाने साहेबाची गंमत केली असावी. एकाचे नाव नुक्ता. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला आधी टिंबच दिसते. मग चित्र पाहिले. या माशाच्या तोंडावर खाच पडून पुढे टेंगूळ आलेले असते. नकटा! माझा तर्क चुकीचा असेल, पण तो सोडवत नाही.

साइक्सचे बहुतेक मासे नदीचे, हातभर वाढणारे. टाकीत ठेवायचे नाहीतच. तरी निदान पाहावेत म्हणून एका रविवारी मुलीला घेऊन उजनीच्या पाण्यावर गेलो. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. भोयाच्या जाळ्यात चिलापी होती. वर चिलापी, खाली चिलापी. आफ्रिकेचा हा मासा १९५०च्या दशकात आपल्या देशात आणला गेला, आज भिगवणच्या खानावळी त्याच्यावर चालतात. चवीबद्दल माझी तक्रार नाही. पण म्हातारे भोईमामा खुद्री आणि पोटेलची नावे ऐकून आपल्या मुलाकडे बघून हसले. मुलाला ती माहीत नव्हती. म्हणूनच एक विनंती: टाकी नकोशी झाली तर मासे नदीत सोडून पुण्य घेऊ नका. काच साफ करतो म्हणून आणलेला, मूळचा दक्षिण अमेरिकेतला सकर असाच सुटून देशातल्या किती तरी तलावांत माजला आहे. माझा चुना खोलिसाही भीमेला परकाच आहे.

निघताना मुलीने मोबाइलवर झेब्र्याचा फोटो मामांपुढे धरला. "आजोबा, याला तुमच्यात काय म्हणतात?"

मामांनी डोळे बारीक करून पाहिले. "हे बारकं. खाचरात, चरात असायचं पावसाळ्यात. बारक्याला कोण नाव देतंय पोरी?"

टाकीवर आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, तिच्या अक्षरात, वर उर्दू आणि खाली मराठी. चुना खोलिसा नीट लिहिला आहे. त्याखाली झेब्रा लिहून खोडले आहे, आणि पुढे लिहिले आहे: धानी.