मुक्काम माहूर

दत्तप्रभूंचा दिनक्रम माहूरच्या पंचक्रोशीत लहान पोरांनाही पाठ असतो. पहाटेचं स्नान काशीला, दुपारची भिक्षा कोल्हापूरला आणि रात्रीची झोप माहूरगडावर. रोजचा एवढा पल्ला, आणि सामान काय, तर एक झोळी नि एक कमंडलू. झोळीत दुसऱ्याच्या घरचं अन्न, कमंडलूत पाणी.

नववीतल्या पोराला हे जमण्यासारखं नाही. नांदेड किंवा लातूरच्या शाळेतून स्काउटची तुकडी माहूरला एका रात्रीच्या मुक्कामाला निघायची असली, की आदल्या आठवड्यात सर यादी देतात : थाळी, वाटी, पेला, सतरंजी, पांघरूण, बॅटरी, काठी, दोरी, शिट्टी, पाण्याची बाटली. यादीच्या शेवटी एकच ओळ असते, ‘दोन वेळचा कोरडा डबा’. त्या ‘कोरडा’ शब्दात मराठवाड्याचा निदान तीन-चारशे वर्षांचा प्रवास बांधलेला आहे.

स्वयंपाकघरात तो असा उलगडतो. ज्वारीचं पीठ, त्यात मूठभर गहू नि हरभऱ्याचं पीठ, तिखट, लसूण, ओवा, तीळ. ओल्या फडक्यावर धपाटं थापायचं, बोटांनी भोकं पाडायची, फडक्यासकट तव्यावर उलटं टाकून फडकं अलगद सोडवायचं. इथवर सगळ्यांना येतं. खरी कसोटी पुढे. तव्यावरून उतरलेलं धपाटं तसंच डब्यात भरलं, तर आतली वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडला की आंबूस वास येतो. म्हणून जाणती बाई धपाटी आधी सुपात नाहीतर कोरड्या कापडावर सुटी पसरते, पार गार होऊ देते आणि मगच धुवट फडक्यात बांधते. मेथी किंवा कोथिंबीर घातलेली वेगळी, ती पहिल्या जेवणाला. बिनभाजीची दुसऱ्या दिवसासाठी. पोरगं वैतागून दाराशी उभं, आणि आतून एकच घोष : ‘फडकं परत आण रे, तिथंच टाकून येऊ नको.’

धपाट्याची थोरली बहीण दशमी. पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचं, की झाली दशमी. पाण्यात मळलेली ज्वारीची भाकरी गार झाली की ताठरते, संध्याकाळपर्यंत तिचे तुकडे पडतात. दुधातल्या स्निग्धतेनं दशमी मऊ राहते. पण ती प्रवासाची झाली यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते चवीचं नव्हतं. सोवळ्या-ओवळ्याच्या जुन्या हिशेबात पाण्यात शिजलेलं अन्न खरकटं, त्याला विटाळ लवकर. दुधा-तुपातलं तेवढं नाही. वाटेत कोण शेजारी बसेल, कोणाची सावली पडेल याचा भरवसा नसणाऱ्या प्रवाशाला दशमीनं धर्माची आणि पोटाची, दोन्ही सोय करून दिली. आज ती कोणी सोवळ्यासाठी करत नाही. टिकते म्हणून करतात.

लातूरच्या दक्षिणेला, निलंग्याकडे आणि पुढे सोलापूर-विजापूरच्या पट्ट्यात, याच अडचणीवर दुसरा तोडगा निघाला. मऊपणा टिकवायच्या भानगडीत न पडता भाकरी कागदासारखी पातळ थापायची आणि तिच्यातलं पाणी पार घालवून ती खडखडीत करायची. ही कडक भाकरी. पाणीच नाही म्हटल्यावर बुरशीनं जगायचं कशावर? ती महिनोन्‌महिने राहते. सॅकमध्ये मात्र तिच्यावर बूट ठेवले तर भुगा होतो. मग तो भुगा दह्यात कालवून खायचा, हेही शास्त्र ठरलेलंच आहे.

जोडीला शेंगदाण्याची चटणी, उखळात कुटून तेल सुटलेली. जवसाची, कारळाची. आणि येसर. येसर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळी नि मसाले एकत्र दळून केलेलं पीठ. उकळत्या पाण्यात ते सोडलं, वरून लसणाची फोडणी दिली, की आमटी तयार. लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी मानाची. पण पिठाची पुरचुंडी बांधून परमुलखात नेणाऱ्याला ती जास्त उपयोगी. पाकिटातल्या झटपट सूपचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा येसर चाखावा.

कोरड्या शिदोरीच्या अगदी उलट टोकाला वेळा अमावस्या आहे, लातूरकरांच्या तोंडी येळवस. मार्गशीर्ष अमावस्येला अख्खं लातूर शेतात जातं. जिल्ह्याला सुट्टी असते नि बाजारपेठ ओस पडते. डोक्यावरून जातं ते अन्न मात्र सगळं ओलं : मडक्यात आंबील, भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. सांडू न देता बांधावरून चालणं ही पोरांची पहिली परीक्षा. हे अन्न एका दिवसाचं. उन्हं उतरायच्या आत ते संपलंच पाहिजे. ज्या घरात एकाच चुलीवर आंबीलही होते आणि कडक भाकरीही, त्या घराला ‘जेवायला जाणं’ आणि ‘मुक्कामाला जाणं’ यातला फरक शिकवावा लागत नाही.

हे शहाणपण या भागात कोणी पक्कं केलं, याचा शोध घेत गेलं की माहूर-किनवटच्या लमाण, म्हणजे बंजारा, तांड्यांवर येऊन थांबावं लागतं. या समाजाच्या भाषेत बैलांच्या पाठीवर माल लादून नेण्याच्या धंद्याला ‘लदेणी’ म्हणतात. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानं दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचं वर्णन केलंय. अरुंद वाटेवर असा तांडा आडवा आला, की तो सरेपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबावं लागे. मोगलांच्या फौजा त्यांच्या धान्यावर चालल्या. १८०३ मध्ये असईच्या लढाईपर्यंत पोचलेल्या आर्थर वेलस्लीच्या फौजेची भिस्तही बंजाऱ्यांच्या बैलांवरच होती. जाताना मीठ, येताना धान्य. बैलाच्या दोन्ही अंगांना एकेक गोणी. एक बाजू जड झाली की बैलाची पाठ सोलवटते आणि तो बसतो. म्हणून लादण्याआधी दोन्ही गोण्यांचं वजन हातांनीच सारखं करून घ्यायचं. आज स्काउटचे सर सॅक पाठीवर चढवून, पट्टे ओढून ‘डावीकडं कलतीय, पुन्हा भर’ म्हणतात, तेव्हा ते नकळत लदेणीचंच काम करत असतात.

मग आगगाडी आली. १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेनं सिकंदराबाद-मनमाड मार्गावर नांदेडला जोडलं. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोचली, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची, एव्हरर्ड कॅलथ्रॉपनं उभी केलेली. लदेणीचा कणा मोडला. प्रवास दिवसांवरून तासांवर आला, शिदोरी आटली आणि सामान बदललं. घोंगडीच्या वळकटीच्या जागी होल्डॉल, पडशीच्या जागी पत्र्याची ट्रंक, आणि साध्या तांब्याच्या जागी फिरकीचा तांब्या. पितळी, आट्याच्या झाकणाचा, न सांडणारा. अजूनही बऱ्याच घरांत तो माळ्यावर हिरवट पडून असतो.

तांब्यावर जरा थांबायला हवं, कारण मराठवाड्यातल्या सामानाचा मध्य भाकरी नव्हे, पाणी. सह्याद्रीतला ट्रेकर टाक्यांच्या नि झऱ्यांच्या भरवशावर चढतो. बालाघाटाच्या उघड्या माळावर तो भरवसा नाही. म्हणून जुना वाटसरू तांब्याबरोबर दोर घ्यायचाच. विहीर किंवा बारव लागली की तांब्याच्या गळ्याला दोर बांधून तो खाली सोडायचा. कोणी वाळलेला भोपळा कोरून त्यात पाणी नेई. बैलगाडीला नि नंतर जीपला जाड कापडाची छागळ लटकायची, तिच्यातून पाणी पाझरायचं, वाऱ्यानं ते वाळायचं आणि आतलं पाणी गार व्हायचं.

पण दोर सगळ्यांकडे असला तरी विहीर सगळ्यांची नव्हती. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निजामाच्या मुलखात आले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी, प्रवासाच्या धुळीनं माखलेल्या या मंडळींनी तिथल्या हौदाच्या पाण्यानं हातपाय धुतले, आणि हौद बाटवला म्हणून गर्दी अंगावर आली. बऱ्याच हुज्जतीनंतर किल्ला पाहू दिला तो हत्यारबंद पहारेकरी बरोबर देऊन, आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ‘पाणी वाटेत मिळेल’ हे वाक्य त्या काळी कोण म्हणू शकत होतं आणि कोण नाही, हे त्यातून कळतं. ज्यांना ते म्हणता येत नव्हतं, त्यांच्या गाठोड्यात पाण्याचं ओझं जास्त असणार.

स्काउट चळवळ या शिदोरीच्या मानानं अलीकडची. १९०७ मध्ये बेडन-पॉवेलनं ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर भरवलं, तिथून ती निघाली. भारतातल्या वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स स्थापन झाली. नांदेड नि लातूर तेव्हा हैदराबाद राज्यात होते, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती. इथल्या शाळकरी पोरांच्या मोठ्या भावांनी रात्रीची चाल शिकली होती ती शिट्टी आणि स्कार्फ न घेता. मुक्तिसंग्रामात भूमिगत झालेल्यांना गावातल्या बाया पदराआड भाकरी पोचवत. ती शिदोरीच, फक्त तिच्यावर कोणाचं नाव नसे.

स्काउटच्या अभ्यासात एक प्रकरण आहे, बिनभांड्याचा स्वयंपाक. बटाटा चिखलात लिंपून निखाऱ्यात भाजायचा, काठीला कणकेची वेटोळी गुंडाळून शेकायची. शहरातली पोरं यात रमतात. कंधार-लोह्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला मात्र यात नवल ते काय, असंच वाटतं. त्याच्या घरी पळसाच्या दोन पानांत कणकेचा गोळा दाबून पानगे भाजतात, गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे पुरतात, आणि थंडीत आगटीतून हुरडा निघतो तेव्हा भांडं कोणी मागत नाही. माहूरच्या रानात पळस मुबलक, तेव्हा पानगे सहज जमावेत. अडचण वेगळीच आहे : राखीव जंगलात विस्तव पेटवायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे चूल पेटते ती मुक्कामाच्या आवारात, आणि रानातली भिस्त पुन्हा फडक्यातल्या धपाट्यांवर येते.

शिदोरीच्या इतिहासात एक साल असं आहे की ज्या वर्षी प्रवास न करताच सगळ्यांना प्रवासाचं अन्न खावं लागलं. १९७२ चा दुष्काळ. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. तिथं वाटली जायची ती सुकडी, भाजलेल्या पिठाचं गोडसर पौष्टिक मिश्रण. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीबरोबर खडी फोडणाऱ्यांनी ती खाल्ली. गोष्टीतल्या राजपुत्राला मिळणारे तहानलाडू-भूकलाडू जवळपास असेच असणार. पण त्या पिढीतल्या पुष्कळांना सुकडीचं नाव आजही नको वाटतं. नातवाच्या सॅकमध्ये गूळ-शेंगदाण्याचे लाडू भरणारी आजी ‘सुकडी’ हा शब्द सहसा उच्चारत नाही.

पाण्याचं गणित तर अजूनही ताजं आहे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून निघालेली रेल्वे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, दहा वाघिणींमधून. ज्या शहराच्या स्टेशनावर शंभर वर्षांपूर्वी लोक फिरकीचा तांब्या घेऊन उतरत, त्या शहराला आता अख्खी गाडीच तांब्या म्हणून लागली. तो उन्हाळा पाहिलेल्या घरात पोराच्या सॅकमध्ये एक बाटली पुरेशी समजत नाहीत. सरांच्या यादीत एक असते, आई दुसरी भरते, आणि बाजूच्या कप्प्यात दोन कांदे सरकवते. ऊन लागू नये म्हणून, असं म्हणते. पोरगं ते दुपारी बुक्कीनं फोडून ठेच्याबरोबर खातं. कांदा कसाही पोटात गेला तरी आईची तक्रार नसते.

श्रावणात राखी पौर्णिमेला माहूरगडाची परिक्रमा असते. पावसात, चिखलात, रानवाटांनी माणसं चालतात. तेव्हा शाळकरी स्काउट आणि त्याच्या पुढे अनवाणी चालणारी सत्तरीची बाई यांच्या सामानाची तुलना करून पाहावी. त्याच्याकडे रेनकोट, पॉवरबँक, बिस्किटांचे पुडे. तिच्याकडे प्लास्टिकच्या खोळीत गुंडाळलेलं एक फडकं. दोघंही दुपारी एकाच झाडाखाली बसतात तेव्हा पोराची बिस्किटं मऊ पडलेली असतात, आणि तो तिच्या दशमीकडं बघत असतो.

परतीचं बांधणं वेगळं. रेणुकेच्या दारात तांबूल मिळतो, कुटून लगदा केलेला विडा. तो घरी न्यायचाच असतो, आणि सॅकमध्ये रिकामा डबा बहुधा एकच उरलेला असतो, ठेच्याचा. तो पाण्यानं नीट घासून घेतला नाही, तर घरी प्रसाद वाटताना पहिला घास घेणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं.