गावाची नगरपंचायत झाली, आता कोणतं काम कुणाकडं?

अकोले, पारनेर आणि कर्जत या आपल्या जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत साधारण २०१५ पर्यंत ग्रामपंचायत होती. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं राज्य सरकारने २०१४ मध्ये ठरवलं, तेव्हा सरपंच गेले आणि नगराध्यक्ष आले. पुढं नेवाशाचीही नगरपंचायत झाली. बोर्ड बदलून इतकी वर्षं झाली तरी कोणता कागद कुणाकडं मागायचा, हा गोंधळ वाड्यावस्त्यांवर अजून आहे.

नगरपंचायत म्हणजे धड खेडं नाही अन् धड शहरही नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने खेड्यातून शहराकडं सरकणाऱ्या भागासाठी ही व्यवस्था केली. कारभार चालतो तो १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने. ग्रामपंचायतीचा १९५८ चा कायदा तिथं लागू राहत नाही.

नगरपंचायतीत १७ प्रभाग असतात आणि प्रत्येक प्रभागातून एक नगरसेवक निवडून येतो. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव. अकोले, पारनेर, कर्जतची मागची निवडणूक दोन टप्प्यांत झाली, ती अनेकांना आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी जागांना स्थगिती दिल्यामुळे बाकीच्या प्रभागांत २१ डिसेंबर २०२१ ला मतदान झालं आणि अडकलेल्या जागांवर खुल्या प्रवर्गातून १८ जानेवारी २०२२ ला. त्या वेळी नगराध्यक्ष नगरसेवकांनी निवडले. त्यानंतर कायदा बदलला. तो असाच राहिला तर पुढच्या वेळी नगराध्यक्षासाठी आपण थेट मत देणार. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला मात्र नगरपंचायत हद्दीतल्या माणसाचं मत नाही.

खरी सही असते मुख्याधिकाऱ्यांची. ते सरकारने नेमलेले अधिकारी असतात. जन्म-मृत्यू नोंद, घरपट्टी, नळजोड, बांधकाम परवानगी ही कामं त्यांच्या कार्यालयात. सरपंचाला पारावर गाठून काम सांगायची सवय इथं उपयोगाची नाही. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामसभाही राहिली नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच. प्रभागासाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे, पण ती मागितल्याशिवाय कोण घेतंय? बेकायदा ठरावाची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडं करता येते. कलम ३०८ खाली ते ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती देऊ शकतात.

सातबारा, फेरफार, रेशनकार्ड पूर्वीसारखंच तलाठी आणि तहसीलकडं.

घरकुलाचा हिशोब वेगळा होतो. ग्रामीण योजनेत सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार आहे, शहरी योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. रक्कम जास्त, पण जागा आपल्या नावावर असल्याचा कागद लागतो. गावठाणात वडिलोपार्जित जागेवर राहणाऱ्यांची गाडी नेमकी इथंच अडते. केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीतूनही हद्दीतले मजूर बाहेर पडतात. नगरपंचायतीत शेतमजूर नसतात असं कुणाला वाटलं, देव जाणे.

शेतकऱ्यांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते विकास आराखड्याकडं. हद्दीत गावठाणाभोवतीची शेतंही येतात, आणि आराखड्यात एखाद्या गटावर रस्ता, बगीचा किंवा भाजीमंडईचं आरक्षण पडू शकतं. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीला ३० दिवस मिळतात. सूचना राजपत्रात आणि पेपरात येते, घरी कुणी सांगायला येत नाही. नकाशात आपला गट नंबर स्वतः शोधावा, हरकत लेखी द्यावी आणि सुनावणीला सातबारा, मोजणीचा नकाशा घेऊन जावं.

हरकत राहून गेली आणि आरक्षण पक्कं झालं, तरी एक वाट राहते. अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकाला नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देता येते. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण उठतं. ही नोटीस वकिलाकडूनच करून घ्यावी आणि सोबत मालकीचे कागद जोडावेत.