पुस्तक शाळेचं की कंपनीचं?

शाळेत टॅब आले, आता पुस्तकांचं कपाट कशाला, असं हल्ली गावोगावी ऐकू येतं. अमेरिकेतल्या शाळांपुढे हा प्रश्न आधीच उभा राहिला होता. तिथल्या ग्रंथपालांवर काय वेळ आली, ते आज आम्ही सांगणार आहोत.

२००७ साली ॲमेझॉन कंपनीने ‘किंडल’ हे वाचनयंत्र काढलं. हातात मावेल एवढं, पण आत शेकडो पुस्तकं. दोनच वर्षांत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कुशिंग अकॅडमी या जुन्या निवासी शाळेने आपली वीस हजारांवर पुस्तकं काढून टाकायचं ठरवलं. सुरुवातीला यंत्रं घेतली फक्त १८. बाकी वाचन संगणकावर. भरपूर फी घेणारी शाळा ती, तिला परवडलं. आपण तिचा कित्ता गिरवावा असं आम्हाला वाटत नाही.

त्याच वर्षी जुलैत भलतंच घडलं. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाची (हा जन्मला आपल्या बिहारात, मोतिहारीला) दोन पुस्तकं लोकांनी पैसे मोजून किंडलवर घेतली होती. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, हे कळताच कंपनीने ती सगळ्यांच्या यंत्रांतून परस्पर पुसली. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पण मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी केलेली टिपणं वाया गेली. टिपणं उरली, ती ज्या पानांवर होती ती पानंच गेली! तो कोर्टात गेला. आपण घरी आणलेलं पुस्तक दुकानदार कधी रात्रीतून उचलून नेतो का?

२०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने ग्रंथालयांसाठी नियम काढला: ई-पुस्तक २६ वेळा वाचकांना दिलं की संपलं, पुन्हा विकत घ्या. कागदी पुस्तकही झिजतंच, हे त्यांचं म्हणणं. त्यावर ओक्लाहोमातल्या ग्रंथपालांनी आपली पुस्तकं कॅमेऱ्यापुढे धरली. २६ पेक्षा जास्त वेळा फिरून आलेली, तरी धडधाकट. दोन-दोन आठवड्यांनी दिलं, तर २६ खेपा वर्षात सरतात.

पूर्वी शिक्का मारला, नोंदवहीत चढवलं की पुस्तक शाळेचं झालं. आता ग्रंथपालाला करारातली बारीक अक्षरं वाचणं भाग पडलं.

सगळी ई-पुस्तकं अशी नसतात. प्रथम बुक्सने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं. तिथल्या मराठी गोष्टी फुकट उतरवून घेता येतात, छापून वाटताही येतात. एकदा उतरवल्या की रेंज नसली तरी वाचता येतात.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुधा वेगळा ग्रंथपाल नसतो, गुरुजी नाहीतर बाईच कपाट सांभाळतात. पण शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने निम्म्या महिला असतात, म्हणजे आपणच. सभेत टॅबचा विषय निघाला, तर आतली पुस्तकं किती वर्षांसाठी मिळाली आणि मुदत संपल्यावर पैसे कोण भरणार, हे विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.