पीकच्या वह्या

वहीच्या समासात चित्रं काढणाऱ्या मुलांवर मी नोकरीभर रागावत आले. मर्विन पीक या इंग्रज लेखकाच्या हस्तलिखितांबद्दल वाचलं आणि जरा ओशाळले. हा गृहस्थ कादंबरी लिहिता लिहिता त्याच वह्यांत आपल्या पात्रांचे चेहरे काढत असे.

पीक जन्मला चीनमध्ये, १९११ साली. वडील मिशनरी डॉक्टर, त्यामुळे बालपण तिएनत्सिनला गेलं. १९४६ साली आलेल्या त्याच्या 'टायटस ग्रोन'मध्ये एक अवाढव्य किल्ला आहे. तिथे रोज असे विधी होतात की ज्यांचं कारण कुणालाच आठवत नाही. त्यात काही अभ्यासकांना त्या चीनची सावली दिसते. (मला आमच्या आजीचं सोवळं आठवलं, ते असो.) ही कादंबरी त्याने लष्करात असताना लिहायला घेतली. तीत जादूटोणा नाही की राक्षस नाहीत, तरी ती अद्भुतच. चित्रकार म्हणून तर तो 'ॲलिस' आणि 'ट्रेझर आयलंड'च्या चित्रांसाठी नावाजला गेला.

पण मी अडते ती १९४५ पाशी. युद्ध संपल्यावर एका नियतकालिकाने त्याला रेखाटनं करायला जर्मनीत पाठवलं. बेल्सनची छळछावणी एप्रिलमध्येच मुक्त झाली होती, पण सुटलेली माणसं अजून मरत होती. तिथे क्षयाने मरणासन्न झालेल्या एका मुलीचं त्याने चित्र काढलं. अशा वेळीही आपली नजर चित्रकाराचीच राहिली, ही बोच त्याने पुढे कवितेत मांडली.

त्याने ते काढायला नको होतं का? काढलं नसतं तर तिचं काय उरलं असतं, असं एक मन म्हणतं. दुसरं मन विचारतं, तिला कुणी विचारलं होतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

१९५७ मध्ये त्याचं नाटक लंडनला पडलं, आणि तो खचला. मग असा आजार जडला की हात कापू लागला, हळूहळू बुद्धीही साथ सोडू लागली. १९६८ मध्ये तो गेला. मोठी कीर्ती आली ती त्याच सुमारास निघालेल्या स्वस्त आवृत्त्यांमुळे, म्हणजे त्याला कळण्यापलीकडे.

तिसरी कादंबरी 'टायटस अलोन' १९५९ ची, आजार वाढत असतानाची. तीत ब्लॅक रोझ नावाची, छावणीतून सुटलेली एक बाई येते. तीही जगत नाही.