शकुंतला : एका नावाची भ्रमंती

शकुंतला : स्त्रीनाम. मूळ संस्कृत. ‘शकुंत’ म्हणजे पक्षी. मेनकेने जन्मतःच टाकून दिलेल्या मुलीला रानातल्या पाखरांनी राखले, म्हणून कण्वाने तिला हे नाव दिले, अशी कथा महाभारताच्या आदिपर्वात येते. आईबापांनी नव्हे, पाखरांनी मिळवून दिलेले नाव.

आदिपर्वातली शकुंतला आणि लोकांच्या मनातली शकुंतला या दोन वेगळ्या बायका आहेत. महाभारतात अंगठी नाही, दुर्वासाचा शापही नाही. राजा दुष्यंताशी गांधर्वविवाहाला होकार देण्याआधी ती अट घालते : माझाच मुलगा गादीवर बसेल. पुढे मुलाला घेऊन ती दरबारात येते. दुष्यंताला सगळे आठवत असते, तरी तो ओळख नाकारतो. त्यावर ती रडत बसत नाही. भर सभेत पत्नी, पुत्र आणि सत्य यांवर राजाला चांगले खडसावते. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा कुठे राजा तिला पदरात घेतो आणि लोकांची खात्री पटावी म्हणून आपण गप्प राहिलो, अशी सारवासारव करतो. कालिदासाने ‘अभिज्ञानशाकुंतला’त शाप आणि अंगठी आणली. राजा दोषातून सुटला आणि नायिका बरीच मवाळ झाली. पुढे मुलींची नावे ठेवली गेली ती बहुतेक या दुसरीवरून.

नावाचा सर्वांत सुंदर वापर मात्र कालिदासाचाच. सातव्या अंकात तिचा छोटा मुलगा सर्वदमन सिंहाच्या छाव्याचे दात मोजू पाहतो. त्याचे लक्ष वळवायला तापसी मातीचा रंगीत मोर आणते आणि या पाखराचे लावण्य बघ म्हणते. ‘शकुंत’ आणि ‘लावण्य’ हे शब्द जोडून उच्चारले की मध्येच ‘शकुंतला’ ऐकू येते. पोराला मोर दिसतच नाही. तो विचारतो, आई कुठे आहे? शेजारी उभ्या असलेल्या दुष्यंताचे कान टवकारतात. श्लेष ही पंडितांची करामत असा समज असणाऱ्याने हा प्रसंग जरूर वाचावा. इथे श्लेष मुलाच्या चुकीच्या ऐकण्यातून जन्मतो.

युरोपात हे नाव गेले ते विल्यम जोन्सच्या हातून. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या या न्यायाधीशाने नाटक आधी लॅटिनमध्ये आणि मग इंग्रजीत आणले. ते 1789 मध्ये कलकत्त्यात छापून निघाले. तिथे ती ‘साकोन्ताला’ झाली. 1791 मध्ये गेऑर्ग फोर्स्टरने त्यावरून जर्मन भाषांतर केले. ते वाचून गटेने त्याच वर्षी चार ओळींची स्तुतिकविता लिहिली आणि ‘फाउस्ट’च्या आरंभीचा रंगभूमीवरचा प्रवेश कालिदासाच्या प्रस्तावनेवरून सुचल्याचे अभ्यासक मानतात. गंमत अशी, की गटे भारावला तो भाषांतराचे भाषांतर वाचून.

मग तिच्यावर संगीतकारांची नजर गेली, पण त्यांना ती फारशी लाभली नाही. शूबर्टने 1820 मध्ये हाती घेतलेला ऑपेरा अर्धाच राहिला. 1858 मध्ये पॅरिसला तेओफिल गोतिएच्या संहितेवर बॅले झाला. फ्रांको अल्फानोचा ऑपेरा 1921 मध्ये बोलोन्यात रंगमंचावर आला. दुसऱ्या महायुद्धात त्याची स्वरलिपी नष्ट झाली असे समजून त्याने 1952 मध्ये सगळे पुन्हा लिहून काढले. मूळ प्रत नंतर, एकविसाव्या शतकात, प्रकाशकाच्याच संग्रहात सापडली. हरवलेली खूण उशिरा हाती लागणे या कथेच्या पाठीच लागलेले दिसते.

शिल्पकार कामीय क्लोदेलच्या ‘साकुंतला’ची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. 1888 मध्ये तिने हे प्लास्टरचे शिल्प पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात मांडले : राजा गुडघे टेकून बसलेला आणि ती त्याच्यावर झुकलेली. पुढे तीच जोडी संगमरवरात उतरली तेव्हा शीर्षक रोमन देवतांचे झाले, ब्राँझमध्ये आणखी तिसरेच. देह तोच राहिला, नाव गळून पडले.

महाराष्ट्रात हे नाव घरोघरी पोचवले ते नाटकाने आणि चित्रांनी. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाले आणि मराठी संगीत रंगभूमीची घडी बसली. पुढे भाऊराव कोल्हटकरांनी शकुंतला गाजवली. 1905 मध्ये मिरजेला नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीतून प्रथम उभे राहिले तेही याच भूमिकेत. म्हणजे कित्येक वर्षे मराठी प्रेक्षकाची शकुंतला पुरुषच होती, आणि त्याची त्याला मुळीच अडचण वाटली नाही. राजा रविवर्म्याने गिरगावात छापखाना काढला, तेव्हा 1894 मध्ये तिथून बाहेर पडलेले पहिले चित्र होते शकुंतलाजन्माचे. पायातला काटा काढण्याच्या मिषाने मागे वळून पाहणारी त्याची शकुंतला तर कॅलेंडरांवरून दिवाणखान्यात शिरली.

सिनेमात 1940 च्या तमिळ ‘शकुंतलै’मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या. व्ही. शांतारामांनी ‘राजकमल’चा श्रीगणेशा 1943 मध्ये ‘शकुंतला’नेच केला, नायिका जयश्री. 1961 मध्ये ‘स्त्री’ काढून ते पुन्हा या कथेकडे वळले, तेव्हा संध्या नायिका होत्या.

नाव धारण करणाऱ्या ठळक बायका मात्र कण्वाश्रमातल्या शालीन मुलीशी फटकून वागलेल्या दिसतात. रँग्लर परांजप्यांची कन्या शकुंतला परांजपे यांनी संततिनियमनाचा प्रचार केला, तोही समाज त्या विषयावर कुजबुजायलाही बिचकत होता तेव्हा. ‘कुंकू’ चित्रपटातही त्या दिसतात. 1991 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. गणिती शकुंतलादेवींनी 1980 मध्ये लंडनला दोन तेरा-आकडी संख्यांचा गुणाकार तोंडी अठ्ठावीस सेकंदांत केला.

मराठी घरात हे चार अक्षरी नाव पूर्ण उच्चारले जाते ते पत्रिकेवर आणि शाळेच्या हजेरीत. एरवी शकू, शकुताई, शकूमावशी. आणि विदर्भात ‘शकुंतला’ म्हटले की वयस्कर माणसाला कालिदास नव्हे, आगगाडी आठवते : यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर अशी अरुंद रुळांवरून, कापसाच्या मुलखातून रमतगमत जाणारी. 1994 पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. वऱ्हाडातली माणसे तिच्याबद्दल बोलताना ‘गाडी’ म्हणत नसत. ‘शकुंतला आली का?’ असेच विचारत.