पणाला लागलेली आणि पटाशी बसलेली

ऑनलाइन खेळांच्या जगात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीचा विषय निघाला की दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. पहिली अशी, की हे सारे परदेशातून आलेले दुखणे आहे. दुसरी अशी, की हा प्रश्न समाजशास्त्राचा किंवा फार तर पोलीस खात्याचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही. या दोन्ही प्रतिक्रिया आम्हांला अपुऱ्या वाटतात. खेळाच्या पटाशी कोणी बसायचे, कोणी नुसते पाहायचे आणि कोणी पणाला लागायचे, हा प्रश्न आपल्या परंपरेत इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून आहे. मराठीपुरते बोलायचे तर त्याचा एक धागा नाटकातून बुद्धिबळात आणि तेथून आजच्या मोबाइलपर्यंत आलेला दिसतो. तो उलगडून पाहावा, एवढाच येथे हेतू आहे.

सभापर्वातील द्यूताचा प्रसंग सर्वांना परिचित आहे. युधिष्ठिर धन हरतो, भाऊ हरतो, स्वतःला हरतो आणि मग द्रौपदीला पणाला लावतो. ती त्या सभेत नसते. तिला तेथे ओढत आणले जाते. आल्यावर मात्र ती खेळाच्या नियमाविषयीच प्रश्न विचारते: जो स्वतःला आधीच हरला, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? या प्रश्नाला ती सभा सरळ उत्तर देत नाही. खेळात जिला स्थान नाही तिनेच खेळाचा नियम सर्वांत नेमका ओळखावा, यातला विरोधाभास पुढील इतिहास पाहताना ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

स्त्री खेळतच नव्हती असे मात्र नाही. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात (क्रमांक २१) शिव आणि पार्वती सारीपाट खेळत बसले आहेत, आणि तेथे पार्वती पणाला लागलेली नसून प्रतिस्पर्धी आहे. पण तो कैलासावरचा, घरचा डाव आहे. आपल्याकडच्या माजघरांतही सोंगट्या, सागरगोटे, काचापाणी चालत आलेच होते. मंगळागौरीच्या रात्री तर फुगड्या-झिम्म्यांना उधाण येई. म्हणजे आक्षेप स्त्रीच्या खेळण्याला नव्हता. चारचौघांत, पुरुषांच्या समोर बसून, जिंकण्यासाठी खेळण्याला होता. घर आणि सभा यांमधला हा उंबरठा हाच आमच्या मते या इतिहासाचा खरा विषय आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत द्रौपदी’ १९२० साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले आणि त्यात द्रौपदी झाले बालगंधर्व. स्त्रीचे रूप, स्त्रीचा शालू, स्त्रीची व्यथा हे सारे सभेत मानाने वावरत होते. कुलीन समजल्या जाणाऱ्या घरातील स्त्रीला मात्र त्या रंगमंचावर मज्जाव होता. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्येही (१९१३) तारामती झाले ते अण्णा साळुंके. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या खऱ्या, पण त्या काळी ते धाडसच होते. पुरुषाने स्त्रीरूप धारण करणे ही कला मानली जात होती आणि रसिकांना त्यात अवघडल्यासारखे होत नव्हते. लिंगभावाचे रूप अंगावर घेता येते व उतरवता येते, ही जाण मराठी प्रेक्षकाला अशी फार जुनी आहे. आज एखादा मुलगा संगणकावरील खेळात स्त्रीपात्र निवडतो तेव्हा आपण त्याला नवलाईचे नाव देतो. त्यात नवल थोडे आणि परंपरा पुष्कळ आहे.

याच खाडिलकरांच्या घराण्यात पुढे जे घडले, त्याची दखल साहित्याच्या इतिहासाने घेतलेली नाही आणि खेळाच्या इतिहासाने ओझरतीच घेतली आहे. नाटककार खाडिलकरांनी १९२३ साली सुरू केलेल्या ‘नवाकाळ’ची धुरा पुढे त्यांचे नातू नीळकंठ खाडिलकर यांनी वाहिली. नीळकंठरावांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी, बुद्धिबळ खेळू लागल्या. १९७४ साली बंगळूरला महिलांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली ती वासंतीने जिंकली, पुढची जयश्रीने, त्यापुढची रोहिणीने. पहिल्या दशकात हे पद बहुतांशी या एका घरातच नांदले.

परंतु महत्त्वाची घटना वेगळीच आहे. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरली. तिच्या आधी कोणीही भारतीय स्त्री त्या स्पर्धेत खेळली नव्हती. गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तेथे तिची बाजू टिकली. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष व माजी विश्वविजेते मॅक्स यूवे यांनीही निर्वाळा दिला, की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत खेळण्यापासून स्त्रियांना रोखता येणार नाही. पणजोबांच्या नाटकातील द्रौपदीला द्यूतसभेत पण म्हणून खेचून आणले होते. पणती त्याच शतकात सभेत स्वतःच्या पायांनी गेली, पटाशी बसली आणि नियमाचा प्रश्न विचारून त्याचे उत्तरही घेऊन आली. हा योगायोग असेल, पण अर्थपूर्ण आहे. पुढे १९८१ साली हैदराबादला रोहिणी आशियाई महिला विजेती झाली. भाग्यश्री साठे-ठिपसे, अनुपमा अभ्यंकर-गोखले यांच्यापासूनची पुढची मराठी परंपरा या पायावर उभी राहिली.

प्रवेश मिळाला म्हणजे प्रश्न संपला, असे मात्र झाले नाही. प्रवेशाच्या अटी उरल्याच. २०१८ साली इराणमधील हमादान येथील आशियाई सांघिक स्पर्धेत डोके झाकण्याची सक्ती होती, म्हणून पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनने संघातून माघार घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक महासंघाने ठरवले, की ट्रान्स स्त्रियांना पुढील निर्णय होईपर्यंत महिलांच्या अधिकृत स्पर्धांत खेळता येणार नाही. आणि महिला विभागातील किताब मिळवलेल्या खेळाडूची पुढे पुरुष म्हणून नोंद झाली, तर ते किताब रद्द होतील. ज्या संस्थेच्या अध्यक्षांनी एकदा दार उघडले, तिनेच सत्तेचाळीस वर्षांनी दुसऱ्या एका दाराला कडी लावली. गंमत अशी, की खुद्द पटावरच्या मोहऱ्याने कोणालाही न विचारता आपले लिंग बदलून घेतले आहे. आपला वजीर युरोपात गेला आणि मध्ययुगात तेथे राणी झाला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तर ती राणी पटावरील सर्वांत बलवान मोहरा ठरली. आपण मराठीत तिला आजही वजीरच म्हणतो आणि डावाचे त्यावाचून काही अडत नाही.

इंटरनेट आले तेव्हा अनेकांना वाटले, की उंबरठाच नाहीसा झाला. देह दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, मग भेद कशाचा? १९९० साली कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी ‘लॅम्डामू’ नावाचे केवळ शब्दांनी बांधलेले एक जग उभे केले. खोल्या, वस्तू, माणसे, सारे वर्णनांतून घडलेले. तेथे येणाऱ्याला आपले लिंग निवडावे लागे आणि पर्याय दोनांहून कितीतरी अधिक होते. त्यांपैकी एकाचे नाव ‘स्पिव्हाक’. आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांना येथे गायत्री चक्रवर्ती आठवतील, पण ते नाव मायकल स्पिव्हाक या गणितज्ञाचे आहे.

या जगात एका खेळाडूने इतरांच्या पात्रांचा ताबा घेतला आणि त्यांच्याकडून लैंगिक कृत्ये होत असल्याची वर्णने सर्वांसमोर उमटवली. ज्यूलियन डिबेल यांनी १९९३ साली ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये या प्रकरणावर लिहिलेला लेख पुढे गाजला. घडले होते ते सारे शब्दांत. कोणाच्या देहाला स्पर्शही झाला नव्हता. तरीही ज्यांच्या पात्रांवर हे ओढवले त्या खऱ्याखुऱ्या रडल्या, संतापल्या. मग त्या जगातील रहिवाशांची सभा भरली. शब्दाने केलेली इजा ही इजा आहे काय, यावर लांबलचक चर्चा झाली आणि निर्णयावाचून संपली. शेवटी एका व्यवस्थापकाने स्वतःच्या अधिकारात त्या खेळाडूला काढून टाकले. शब्दाचे सामर्थ्य हाच ज्यांच्या अध्यापनाचा विषय, त्या आमच्यासारख्यांना हे प्रकरण परके कसे वाटावे? पुढे २०१४ साली ‘गेमरगेट’ या नावाखाली खेळ बनवणाऱ्या व खेळांवर लिहिणाऱ्या स्त्रियांवर जी झुंड तुटून पडली, तिची बीजे या अनुत्तरित सभेत दिसतात.

येथे नावाचा प्रश्न येतो, आणि तो मराठी वाचकाला चांगला ठाऊक आहे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केली. टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) आले ते ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने, आणि पुस्तकात काय म्हटले आहे याइतकीच चर्चा ही बाई कोण, मुळात बाई तरी आहे काय, याची झाली. नाव दिले तर हल्ला आणि झाकले तर शोध, असा हा पेच आहे.

आम्ही पनवेल तालुक्यात, ओवे-खारघर-तळोजे या पट्ट्यात शिकवतो. सिडकोच्या इमारती, जुनी गावठाणे आणि आता मेट्रो यांच्या सान्निध्यात वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांत ‘पब्जी’ आणि २०२० साली त्यावर बंदी आल्यानंतरचा ‘बीजीएमआय’ यांची गोडी मुलांइतकी नसली तरी मुलींतही आहे. मुलगे नाक्यावर घोळक्याने बसून, मोठ्याने ओरडत खेळतात. मुली घरात खेळतात. ज्यांच्याशी आमचे बोलणे झाले त्यांपैकी बहुतेकींनी खेळातले नाव पुरुषी किंवा निदान बाईचे न वाटणारे घेतले आहे आणि त्या माइक बंद ठेवतात. आवाज ऐकू आला की डाव बाजूला राहतो आणि वय काय, कुठे राहतेस, हे सुरू होते, असे त्या सांगतात. माइक बंद ठेवल्याने आणखी एक नुकसान होते, ते सहज ध्यानात येत नाही. हा संघाचा खेळ आहे. शत्रू कोठून येतो आहे हे ओरडून सांगता आले नाही, तर चांगली खेळाडूही कच्ची ठरते. मग ‘मुलींना जमत नाही’ हा समज पक्का होतो. पुरुषाने स्त्रीरूप घेतले ते हौसेने. या मुली पुरुषी नाव घेतात ते नाइलाजाने. रूप पालटण्याचे स्वातंत्र्य आणि रूप लपवण्याची सक्ती या दोन गोष्टी वरून सारख्या दिसल्या तरी एक नव्हेत.

नाव न लपवणाऱ्याही आहेत. छिंदवाडा जिल्ह्यातील एका गावातून आलेल्या पायल धारे यांनी खेळांच्या थेट प्रक्षेपणात मोठे नाव कमावले. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी सात खेळाडूंशी संवाद साधला, त्यांत मिथिलेश पाटणकर हे मराठी नाव होते आणि पायल या एकट्या स्त्री होत्या.

ऑनलाइन खेळाने काय साधू शकते आणि काय आपोआप साधत नाही, हे नागपूरच्या दिव्या देशमुखच्या कारकिर्दीत एकत्र पाहायला मिळते. २०२० साली महासाथीमुळे बुद्धिबळ ऑलिंपियाड ऑनलाइन झाले. प्रत्येक संघात दोन पुरुष, दोन स्त्रिया, एक कुमार व एक कुमारी असे सहा पट होते आणि सहाही पटांच्या गुणांचे मोल समान होते. नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता. गोव्याची भक्ती कुलकर्णी आणि चौदा वर्षांची दिव्या संघात होत्या. रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत निहाल सरीन आणि दिव्या यांची इंटरनेट जोडणी तुटली. अखेर दोन्ही देशांना सुवर्णपदक देण्यात आले. स्त्रियांवाचून संघच पुरा होऊ नये असा नियम केला, तर त्या संघात असतात, इतकी ही साधी गोष्ट आहे.

परंतु प्रेक्षकांसाठी असा नियम कोणी केलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झी येथील स्पर्धेनंतर अठरा वर्षांच्या दिव्याने जाहीरपणे लिहिले, की आपल्या खेळाखेरीज बाकी सगळ्याकडे, कपड्यांकडे, केसांकडे, उच्चारांकडे, लोकांचे लक्ष असते आणि पुरुष खेळाडूंच्या वाट्याला हे येत नाही. पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, बाटुमी येथे कोनेरू हंपीला हरवून ती महिला विश्वचषकाची विजेती आणि भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. तिने तक्रार केली ती जिंकण्याच्या आधी. तिच्या विजयाने तक्रार खरी ठरली असे नव्हे. ती आधीही खरीच होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी कायदा केला. ई-स्पोर्ट्सला त्याने मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्याचा रोख पैशावर आहे आणि तो आवश्यकच होता. पण द्यूतसभेतला पहिला पण धनाचा होता, शेवटचा नव्हता. ओव्यातली एखादी मुलगी रात्री माइक सुरू करावा की नको याचा विचार करते, तेव्हा तिच्यापुढे पैशाचा प्रश्न नसतो. इतरांना केवळ डाव हरण्याची भीती असते. तिला डावाबरोबर आपले नाव, आपला आवाज आणि आपला पत्ताही पणाला लावावा लागतो. पटाशी बसण्याचा हक्क १९७६ साली एका तेरा वर्षांच्या मुलीने मिळवून दिला. काहीही पणाला न लावता, स्वतःच्या नावाने तेथे बसता यावे, हा हक्क अजून मिळायचा आहे. आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी खेळणाऱ्यांइतकीच भोवतीच्या सभेची आहे.