घराचं वजन

दोन वर्षांपूर्वी मुलाकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हा त्याने डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्न गावी हेन्री फोर्ड म्युझियम दाखवलं. जुन्या मोटारी, वाफेची इंजिनं बघून पाय भरून आले. बसायला जागा शोधत होते तर समोर एक गोल, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचं घर! मोठ्या डब्याला घुमटाचं झाकण लावावं तसं. "आई, आत जाता येतं," मुलगा म्हणाला. मग काय, पाय दुखायचे थांबले.

हे बकमिन्स्टर फुलर (1895-1983) यांचं 'डायमॅक्सियन हाउस'. मधोमध एक पोलादी खांब आणि त्याला तारांनी टांगलेलं सगळं घर. जवळपास हजार चौरस फुटांचं, तरी वजन सुमारे 3 टन. फुलर लोकांना विचारत, तुमच्या घराचं वजन किती? आपण घराची किंमत विचारतो, वजन कोण विचारतं? पण जितकं वजन, तितका माल कुठून तरी खणून, तोडून आणलेला, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

घराच्या माथ्यावर वाऱ्याबरोबर फिरणारं झाकण आहे, आतली हवा खेळती ठेवण्यासाठी. पावसाचं पाणी साठवायची सोयही योजलेली. कपाटातल्या फळ्या बटण दाबलं की फिरत समोर येतात. न्हाणीघर पत्र्याच्या मोजक्या तुकड्यांचं, मळ धरायला कोपरेच नाहीत. ते मात्र मला फार आवडलं! सगळे भाग एका नळकांड्यात भरून ट्रकने पाठवायचे आणि जागेवर जोडायचे, अशी योजना होती.

यामागे एक दुःखही आहे. 1922 मध्ये फुलर यांची पहिली मुलगी चार वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा आजारपणात गेली. ओलसर, वारा शिरणाऱ्या घरामुळे हे झालं, असं ते मानत. 1927 पासून ते स्वस्त, निरोगी, कारखान्यात बनणाऱ्या घराच्या मागे लागले.

दुसरं महायुद्ध संपत आलं तशी विमान कारखान्यांना नवं काम हवं होतं. 1945-46 मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा इथे बीच एअरक्राफ्टच्या कारखान्यात घराचे नमुने तयार झाले. किंमत सुमारे 6,500 डॉलर ठरली. हजारो लोकांनी चौकशी केली. पण फुलर यांचं म्हणणं, अजून सुधारणा बाकी आहेत. भागीदारांशी मतभेद झाले, कंपनी बुडाली आणि विकायला एकही घर बनलं नाही.

मग हे घर कुठून आलं? एका स्थानिक गुंतवणूकदाराने दोन्ही नमुन्यांचे भाग घेतले आणि 1948 मध्ये आपल्या नेहमीच्या पद्धतीच्या घराला ते जोडून टाकले. फुलरना ते रुचलं नसतं. पण त्यात एक कुटुंब 1970च्या दशकापर्यंत राहिलं, मुलं वाढली. म्हणून ते उरलं. 1991 मध्ये म्युझियमने ते मिळवलं, एकेक भाग दुरुस्त केला आणि 2001 मध्ये लोकांसाठी खुलं केलं.

हे ऐकताना मला आमच्या ह्यांची आठवण आली. निवृत्तीनंतर गावी घर बांधायचं म्हणून ह्यांनी स्वतः नकाशा काढला होता. पावसाच्या पाण्याची टाकी, वर उजेडासाठी झरोका, सगळं होतं त्यात. दर उन्हाळ्यात नवी दुरुस्ती. कधी जिना चुकला, कधी दिशा. "आहे तसं बांधू या, राहता राहता सुधारू," असं मी एकदाच म्हणाले, तेही दबकत. पुन्हा म्हणायला हवं होतं. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. जागा तशीच आहे, गवत वाढलंय.

परत आल्यावर नकाशाची गुंडाळी कपाटावरून काढली. वजन असून असून किती असणार! पण एका हाताने उचलवेना.